कुमारवयातील मंत्रचळ : एका चित्रपटाच्या निमित्ताने

हात स्वच्छ धुवावेत, रात्री निजण्यापूर्वी दाराची कडी पाहावी, लिहिलेले उत्तर एकदा तपासून घ्यावे, ही शिकवण प्रत्येक घरात व शाळेत मुलांना दिली जाते आणि ती योग्यच आहे. परंतु एखादी मुलगी त्याच हातांना दिवसभर पुन्हापुन्हा साबण लावू लागली, कातडी सोलवटली तरी तिचे समाधान होईना, किंवा एखादा मुलगा लावलेली कडी पाहण्यासाठी अंथरुणातून दहा वेळा उठू लागला, तर त्यास शिस्त अथवा टापटीप म्हणता येत नाही. तो एक आजार असतो. मराठी भाषेने या आजाराला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. ते नाव म्हणजे 'मंत्रचळ'. वैद्यकीय परिभाषेत त्यास 'कल्पना-क्रिया अनिवार्यता विकृती' असे म्हणतात, तर दवाखान्यात डॉक्टर मंडळी 'ओसीडी' या तीन इंग्रजी आद्याक्षरांनी त्याचा उल्लेख करतात.

या आजारासह जगणाऱ्या एका शाळकरी मुलीची कथा सांगणारा 'टर्टल्स ऑल द वे डाउन' हा इंग्रजी चित्रपट २ मे २०२४ रोजी अमेरिकेत 'मॅक्स' या घरबसल्या चित्रपट दाखविणाऱ्या सेवेवर प्रदर्शित झाला. जॉन ग्रीन यांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला असून त्याचे दिग्दर्शन हॅना मार्क्स यांनी केले आहे. आपणांस हाच विकार आहे, हे ग्रीन यांनी अनेकवार जाहीरपणे सांगितले आहे. त्यामुळे या कथेतील वर्णन ऐकीव नाही. हा चित्रपट खेड्यापाड्यांतील वाचकांच्या पाहण्यात येईलच असे नाही. तथापि त्यात जे दाखविले आहे ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील वाड्यात, मुरार येथील वसाहतीत अथवा महाराष्ट्रातील कोणत्याही गावात घडू शकते आणि घडतही असते. म्हणून त्या चित्रपटाच्या आधारे या आजाराची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

चित्रपटाची कथा

चित्रपटाची नायिका एझा होम्स ही इंडियानापोलिस शहरात आपल्या आईसमवेत राहणारी कुमारवयीन मुलगी आहे. तिचे वडील वारलेले आहेत. शहरातील एक कोट्यधीश उद्योगपती बेपत्ता होतो व त्याचा ठावठिकाणा सांगणाऱ्यास एक लाख डॉलरचे बक्षीस जाहीर होते. त्या उद्योगपतीचा मुलगा डेव्हिस हा एझाच्या बालपणीच्या ओळखीचा असल्याने तिची मैत्रीण डेझी तिला या शोधात ओढते. पुढे एझा व डेव्हिस यांच्यात स्नेह निर्माण होतो. वरवर पाहता ही शोधकथा व प्रेमकथा आहे. परंतु खरी कथा एझाच्या मनात चाललेली असते.

आपल्या शरीरात घातक जंतू वाढत आहेत, ही शंका एझाला सोडत नाही. आतड्यांना बाधा करणाऱ्या एका विशिष्ट जंतूचे नाव तिच्या मनात सतत घुमत असते. बोटावरील एक जुनी जखम ती पुन्हापुन्हा उघडते, पुसते व तिच्यावर नवी पट्टी लावते. जखम शुद्ध झाली की क्षणभर बरे वाटते. लगेच दुसरी शंका येते, ती नीट पुसली गेली का? डेव्हिसशी जवळीक झाली की त्याच्या शरीरातील जंतू आपल्यात आले, या विचाराने ती व्याकूळ होते. हा विचार शेवटी तिला हात निर्जंतुक करण्याचा विषारी द्रव पोटात घेण्यापर्यंत नेतो. ज्या जंतूंची भीती वाटते त्यांच्यापासून वाचण्यासाठी केलेली कृतीच प्राणावर बेतू पाहते, ही या आजाराची शोकांतिका तेथे स्पष्ट होते.

एझाची भूमिका इझाबेला मर्सेड यांनी केली आहे. तिच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. सिंग यांच्या भूमिकेत भारतीय वंशाच्या पूर्णा जगन्नाथन आहेत. या आजारावर यापूर्वीही चित्रपट निघाले आहेत. १९९७ सालच्या 'ॲज गुड ॲज इट गेट्स' या चित्रपटात जॅक निकल्सन यांनी असा एक विक्षिप्त लेखक रंगविला व त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. २००४ सालच्या 'द एव्हिएटर' मध्ये हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य वैमानिकाचा मंत्रचळ दाखविण्यात आला. परंतु पहिल्यात विकाराचा पुष्कळसा उपयोग विनोदासाठी झाला, तर दुसऱ्यातील नायक सामान्य माणसापासून फार दूरचा होता. एझा मात्र वर्गातील शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी कोणतीही मुलगी असू शकते. ती अभ्यास करते, मैत्रिणीबरोबर हसते, आणि त्याच वेळी टेबलाखाली तिचे बोट त्या जखमेशी चाळा करीत असते. शेजारी बसलेल्यास त्याचा पत्ता नसतो.

विचार आणि कृती यांचे चक्र

मंत्रचळाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे नको असताना पुन्हापुन्हा मनात घुसणारा विचार, प्रतिमा अथवा शंका. हात अशुद्ध आहेत, दार उघडे राहिले, आपल्या हातून कोणास इजा होईल, देवाविषयी मनात वाईट शब्द आला, असे त्याचे नाना प्रकार असतात. दुसरा भाग म्हणजे त्या विचाराने आलेली अस्वस्थता घालविण्यासाठी केलेली कृती. धुणे, तपासणे, मोजणे, वस्तू एका रेषेत लावणे, तेच वाक्य पुन्हा वाचणे, 'सर्व ठीक आहे ना?' असे इतरांना विचारीत राहणे, या त्या कृती होत. काही मुलांच्या कृती बाहेरून दिसतही नाहीत. ती मनातल्या मनात आकडे मोजतात अथवा स्तोत्र ठरावीक वेळा म्हणतात व एक अक्षर चुकल्यासारखे वाटताच पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात. मंत्रचळ या शब्दाच्या घडणीतच ही गोष्ट दडलेली दिसते.

विचार सर्वांच्याच मनात येतात. उंच गच्चीवर उभे असता 'येथून उडी मारली तर?' असा विचार मनाला चाटून जातो व निघून जातो. मंत्रचळ झालेल्या व्यक्तीला तो विचार जाऊ देता येत नाही. तो आला याचाच अर्थ काही अनिष्ट घडणार, असे तिला वाटते. मग ती कृती करते. कृतीमुळे काही क्षण स्वस्थता लाभते आणि नेमकी येथेच खोच आहे. 'धुतले म्हणून वाचलो' असा धडा मन शिकते. पुढच्या वेळी शंका अधिक बळाने येते व तितक्याच धुण्याने भागत नाही. विस्तवावर पाण्याऐवजी तूप पडत राहावे तसे हे होते. शंकेला दिलेले प्रत्येक उत्तर पुढच्या शंकेला जन्म देते.

चित्रपटाच्या नावाचा उगमही याच अनुभवात आहे. पृथ्वी एका कासवाच्या पाठीवर उभी आहे, असे एक वृद्ध स्त्री एका शास्त्रज्ञाला सांगते. ते कासव कशावर उभे आहे, असे विचारता ती म्हणते, दुसऱ्या कासवावर. आणि ते दुसरे? त्याखाली तिसरे, आणि अशीच कासवे थेट खालपर्यंत. कूर्मावतार ठाऊक असलेल्या व गाभाऱ्यासमोरील दगडी कासवाला नमस्कार करून पुढे जाणाऱ्या मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटणार नाही. एझा आपल्या विचारांच्या तळाशी असलेले शेवटचे, खात्रीचे कासव शोधीत असते. ते कधीच सापडत नाही, कारण शंभर टक्के खात्री ही वस्तू जगात कोणालाच मिळत नसते. निरोगी माणूस खात्रीवाचून झोपी जातो. मंत्रचळाने पीडित माणसाला ते जमत नाही.

सोवळे, स्वच्छता आणि मंत्रचळ

ज्या घरांत सोवळे-ओवळे, पूजाअर्चा व शुचिर्भूतता यांचे संस्कार दृढ असतात तेथे हा आजार पुष्कळ दिवस ओळखू येत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत शिंदे यांच्या राज्याबरोबर ग्वाल्हेरला गेलेल्या मराठी कुटुंबांनी आपले कुळाचार तेथेही जपले. अशा घरातील मुलगी न्हाणीघरात दोन तास घालवू लागली तर प्रथम तिचे कौतुकच होण्याचा संभव असतो. 'फार स्वच्छतेची आहे हो', असे म्हटले जाते.

यावरून धार्मिक आचार अथवा स्वच्छता यांमुळे हा आजार होतो, असा समज करून घेऊ नये. ज्या समाजात सोवळे नाही तेथेही तो आढळतो. एझाच्या मनातील भीती शास्त्राच्या पुस्तकातील जंतूंची आहे, विटाळाची नव्हे. आजार त्या त्या घरात हाताशी असलेली भाषा उचलतो, इतकेच. कोठे तो विटाळाच्या रूपाने येतो, कोठे जंतूंच्या, तर कोठे परीक्षेतील चुकीच्या रूपाने.

आचार व आजार यांतील फरक ओळखण्याची साधी खूण अशी की, आचाराला शेवट असतो. स्नान झाले, पूजा झाली, म्हणजे माणूस समाधानाने उठतो व कामाला लागतो. मंत्रचळात समाधान येत नाही. दुसरी खूण वेळेची आहे. अशा विचारांत व कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जाऊ लागला, शाळा बुडू लागली, जेवणखाण व झोप बिघडली, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. तिसरी खूण म्हणजे बहुतेकदा त्या व्यक्तीला स्वतःलाच हे अतिरेकी आहे असे कळत असते, तरीही थांबता येत नसते. 'कळते पण वळत नाही' ही म्हण आळशी मुलाला उद्देशून वापरली जाते. येथे ती एका आजाराचे लक्षण म्हणून अक्षरशः खरी ठरते.

प्रमाण व कारणे

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच 'निम्हान्स'ने, २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात मध्य प्रदेशाचाही समावेश होता. या पाहणीनुसार प्रौढांमध्ये मंत्रचळाचे प्रमाण शेकडा एकाहून थोडे कमी आढळले. १३ ते १७ या वयोगटातील मुलामुलींत सर्व मानसिक विकारांचे एकत्रित प्रमाण ७.३ टक्के होते. अर्थात पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात तीन-चार मुले कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराशी झुंजत असतात, असे म्हणावयास हरकत नाही. याच पाहणीत असेही दिसून आले की, निरनिराळ्या मानसिक विकारांच्या बाबतीत उपचारांवाचून राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान आहे.

मंत्रचळाचा आरंभ बहुधा बालपणाच्या उत्तरार्धात, कुमारवयात अथवा तारुण्याच्या उंबरठ्यावर होतो. याचा अर्थ असा की, हा आजार प्रथम पाहणारे डोळे डॉक्टरांचे नसतात. ते आईवडिलांचे व शिक्षकांचे असतात. विचारांची छाननी करणारा मेंदूचा पुढील भाग व सवयींचे नियंत्रण करणारी मेंदूतील खोलवरची केंद्रे यांना जोडणाऱ्या मार्गांचे कार्य या आजारात बिघडलेले असते, असे संशोधनातून दिसून आले आहे. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो. आईचे लाड, वडिलांचा धाक, ग्रहदशा अथवा बाहेरची बाधा ही त्याची कारणे नव्हेत. मुलाने मुद्दाम चालविलेले ते नाटकही नव्हे.

उपचार

या आजारावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत, ही गोष्ट समाजात सर्वांत कमी ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा विकार जवळजवळ असाध्य मानला जात असे. १९६६ साली लंडन येथील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर एक निराळा प्रयोग केला. ज्या गोष्टीची भीती वाटते तिला रुग्णाने सामोरे जावयाचे व नेहमीची कृती मात्र करावयाची नाही, अशी ती पद्धत होती. दोन्ही रुग्णांना गुण आला व त्यातून आजच्या वर्तनोपचाराचा पाया घातला गेला.

हा उपचार एकदम व सक्तीने करावयाचा नसतो. प्रथम रुग्ण व उपचारक मिळून भीतीच्या पायऱ्या ठरवितात. सर्वांत सोप्या पायरीपासून आरंभ होतो. उदाहरणार्थ, वर्गाच्या दाराच्या मुठीला हात लावून लगेच न धुता पाच मिनिटे थांबावयाचे. या पाच मिनिटांत अस्वस्थता वाढते, शिगेला पोहोचते आणि मग काही न करताही हळूहळू ओसरू लागते. हे ओसरणे स्वतः अनुभवणे हाच खरा उपचार होय. कृती केली नाही तरी अनर्थ होत नाही व भीती आपोआप उतरते, हा नवा धडा मन शिकते. मग दहा मिनिटे, मग अर्धा तास, मग पुढची पायरी, असा हा प्रवास असतो.

याच्या जोडीस औषधे दिली जातात. क्लोमिप्रामिन, तसेच फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवॉक्झामिन ही मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर कार्य करणारी औषधे त्यांपैकी होत. ती झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा परिणाम दिसण्यास साधारणपणे ८ ते १२ आठवडे लागतात व बरे वाटू लागल्यावरही ती पुष्कळदा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावी लागतात. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून औषध सोडणे, किंवा गुण आला म्हणून मनानेच ते थांबविणे, या दोन्ही चुका होत. मुलांना ही औषधे देताना आरंभीच्या काळात त्यांच्या मनःस्थितीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. चित्रपटातील एझाही आपले औषध नियमितपणे घेत नाही व त्याचे परिणाम भोगते.

उपचारांच्या उपयुक्ततेचा पुरावाही भक्कम आहे. २००४ साली अमेरिकेत ७ ते १७ वर्षे वयाच्या ११२ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर वर्तनोपचार व औषध असे दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी ५३.६ टक्के मुलांची लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली. केवळ वर्तनोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के, केवळ औषध मिळालेल्यांत २१.४ टक्के, तर औषधाऐवजी निरुपद्रवी गोळी दिलेल्यांत ३.६ टक्के होते. आपोआप बरे होईल म्हणून वाट पाहणे व उपचार करणे यांत किती अंतर आहे, हे या आकड्यांवरून कळून येते.

ग्वाल्हेरचे उदाहरण

उपचार असूनही कुटुंबे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, याचे एक कारण म्हणजे 'वेड्यांचे इस्पितळ' या शब्दांची दहशत. ही दहशत निराधार होती असे म्हणता येणार नाही. ग्वाल्हेरच्या मानसिक आरोग्यशाळेचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. संस्थानी काळात स्थापन झालेली ही संस्था. देशातील अशा संस्थांचा कारभार दीर्घकाळ १९१२ च्या वेडेपणाविषयक कायद्यानुसार चालत असे. त्या कायद्याचा रोख उपचारापेक्षा बंदोबस्ताकडे अधिक होता. रुग्णाला पुष्कळदा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने आत घेतले जाई व इमारतींची रचनाही तुरुंगासारखी असे.

रांची, आग्रा व ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांच्या स्थितीविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या. ११ नोव्हेंबर १९९७ रोजी न्यायालयाने या तीन संस्थांच्या कारभारावर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपविले. आयोगाच्या पुढाकाराने देशभरातील मनोरुग्णालयांची पाहणी करण्यात येऊन १९९९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोंडून ठेवण्याच्या जागा न राहता या संस्था उपचाराच्या व शिक्षणाच्या जागा व्हाव्यात, ही दिशा त्यातून निश्चित झाली. दरम्यान १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ पासून अमलात आला होता. त्याची जागा पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घेतली व तो २०१८ साली लागू झाला.

या नव्या कायद्याने प्रत्येक व्यक्तीस शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. अल्पवयीन रुग्णांच्या पालकांनी त्यातील दोन तरतुदी अवश्य लक्षात ठेवाव्यात. अठरा वर्षांखालील मुलास रुग्णालयात ठेवावे लागल्यास त्याची सोय प्रौढ रुग्णांपासून वेगळी करावी लागते, आणि पालकांनी अथवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीने मुक्कामभर त्याच्याजवळ राहावयाचे असते. मुलाला एकट्याला कोठे कोंडले जाईल, या भीतीला आता कायद्यात जागा नाही. शिवाय मंत्रचळाच्या बहुतेक रुग्णांना दाखल होण्याची गरजच पडत नाही. बाह्यरुग्ण विभागात येऊन, घरी राहून, शाळेत जाऊन उपचार घेता येतात.

ग्वाल्हेर परिसरातील कुटुंबांना मानसिक आरोग्यशाळा तसेच १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय व त्यास संलग्न जयारोग्य रुग्णालय यांकडे जाता येते. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तथापि पहिल्या सल्ल्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत ही सेवा देण्यात येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवाही सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते व मराठीतही सल्ला मिळतो.

मराठीतील 'कासव'

योगायोगाची गोष्ट अशी की, तरुण मनाच्या आजारावरील एका महत्त्वाच्या मराठी चित्रपटाच्या नावातही कासवच आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी २००४ साली 'देवराई' या चित्रपटात स्किझोफ्रेनिया या आजाराची कथा सांगितली होती. त्यांच्याच 'कासव' या चित्रपटाला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, अर्थात सुवर्णकमळ, मिळाला. त्याचा विषय मंत्रचळ नसून नैराश्य हा आहे. जगण्याची इच्छा गमावलेला एक तरुण जानकी या स्त्रीच्या आश्रयाला येतो. ती स्वतः अशा काळोखातून गेलेली असते. आलोक राजवाडे व इरावती हर्षे यांनी या भूमिका केल्या असून, मुळात मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे यांनी कासवांचे संवर्धन करणारे दत्ताभाऊ साकारले आहेत.

कोकण किनाऱ्यावर सागरी कासवाची मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. गावकरी त्या घरट्याचे कोल्ह्याकुत्र्यांपासून रक्षण करतात. पिल्ले बाहेर आली की त्यांना पाण्यापर्यंत उचलून नेत नाहीत. वाट मोकळी ठेवतात व पिल्लांना स्वतःच्या पायांनी समुद्राकडे जाऊ देतात. जानकी त्या तरुणाशी अशीच वागते. ती त्याला प्रश्न विचारून भंडावीत नाही, उपदेश करीत नाही आणि त्याला एकटे टाकतही नाही.

एझाच्या चित्रपटातून आजार आतून कसा असतो ते कळते. सभोवतीच्या माणसांनी कसे वागावे ते 'कासव' मधून कळते. मंत्रचळाच्या बाबतीत ही वाट मोकळी ठेवण्याची शिकवण विशेष महत्त्वाची आहे, कारण येथे प्रेमळ माणसेच नकळत आजाराला हातभार लावीत असतात.

पालकांनी व शिक्षकांनी काय करावे

मूल दिवसातून वीस वेळा विचारते, 'आई, मी हात लावलेले ताट बाबांनी घेतले, त्यांना काही होणार नाही ना?' आई वीस वेळा सांगते, 'काही होणार नाही.' घरातील सर्वजण त्याच्यासाठी वेगळा साबण, वेगळी चादर, वेगळा पेला ठेवू लागतात. हे सारे मायेपोटी घडते. परंतु असे प्रत्येक आश्वासन म्हणजे आणखी एकदा हात धुण्यासारखेच आहे. त्याने घटकाभर बरे वाटते व आजार मात्र पोसला जातो. उलटपक्षी रागावणे, साबण हिसकावून घेणे, पाहुण्यांसमोर थट्टा करणे यांनी भीती दुणावते व मूल आपल्या कृती लपवू लागते.

यातील मधला मार्ग असा की, आश्वासन द्यावयाचे नाही, पण सोबत सोडावयाची नाही. 'हा प्रश्न तुझा आजार विचारतो आहे. त्याला उत्तर दिले की तो पुन्हा विचारतो. म्हणून आपण उत्तर न देता थोडा वेळ बसू. मी तुझ्याजवळ आहे,' असे शांतपणे सांगता येते. मात्र हा बदल उपचारकाच्या सल्ल्याने व मुलाशी आधी बोलून, पायरीपायरीने करावा. मुलाच्या मनात हिंसेचे अथवा देवादिकांविषयी अभद्र विचार येत असल्यास त्याला दोषी ठरवू नये. विचार येणे म्हणजे तशी इच्छा असणे नव्हे. ज्या गोष्टीची त्याला अतिशय किळस वाटते तीच हा आजार त्याच्यापुढे उभी करतो.

शिक्षकांच्या नजरेस काही खुणा लवकर पडू शकतात. खोडरबराने घासून वहीचे पान फाटेपर्यंत पुन्हा लिहिणे, हुशार असूनही उत्तरपत्रिका अपुरी राहणे, तेच वाक्य पुन्हापुन्हा वाचीत बसणे, वारंवार लघुशंकेची परवानगी मागून बराच वेळ न परतणे, हात लाल व भेगाळलेले दिसणे, ठरावीक बाकाला अथवा दाराला स्पर्श टाळणे, या त्या खुणा होत. एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. अनेक खुणा काही आठवडे टिकून राहिल्यास पालकांना एकांतात बोलावून सांगावे. रोगाचे नाव ठेवणे हे शिक्षकाचे काम नव्हे. वाट दाखविणे हे त्याचे काम आहे. वर्गात त्या मुलाला 'मंत्रचळ्या' म्हणून हाक मारली जाणार नाही, ही दक्षताही त्यानेच घ्यावयाची असते. मुलाच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याचा उल्लेख आला तर मात्र एक दिवसही न थांबता वैद्यकीय मदत मिळवावी.

ग्रामसेवक, आशा कार्यकर्त्या व प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचारी यांनाही या कामी बरेच करता येईल. अंगारेधुपारे करण्यात ज्या कुटुंबाचा वेळ व पैसा चालला आहे त्याला जिल्हा रुग्णालयाचा वार व वेळ सांगणे, पहिल्या खेपेस सोबत जाणे, औषध सुरू झाल्यावर चौकशी करणे, या साध्या गोष्टींनी एखाद्या मुलाची दोन-चार वर्षे वाचू शकतात. कुमारवयात वाया गेलेली ही वर्षे पुढे भरून काढणे कठीण असते, कारण शिक्षण, मैत्री व आत्मविश्वास यांची जडणघडण याच काळात होत असते.

चित्रपटाच्या शेवटी एझा पूर्णपणे बरी झाल्याचे दाखविलेले नाही. प्रेम लाभले म्हणून आजार पळाला, असा सोपा शेवट तेथे नाही. डेझी आपल्या मैत्रिणीच्या आजाराला कंटाळते, भांडते आणि तरीही तिच्याकडे परत येते. एझा उपचार घेते, कधी सावरते, कधी घसरते व पुढे आयुष्य आहे यावर विश्वास ठेवू लागते. मधुमेहाचा रुग्ण पथ्य व औषध सांभाळून संसार, नोकरी, शेती सर्व काही करतो. मंत्रचळाचा रुग्णही उपचारांच्या आधाराने शिकू शकतो, लग्न करू शकतो, जबाबदारीची कामे पार पाडू शकतो. शंका येणारच नाही अशी हमी कोणताही डॉक्टर देत नाही. शंका आली तरी तिच्या आज्ञेत न राहता दिवस पार पाडता येतो, इतके मात्र उपचारांनी साधते. ज्या मुलाची सकाळ न्हाणीघरात संपत होती ते प्रार्थनेच्या घंटेला शाळेच्या पटांगणात उभे राहिले, की उपचारांचे निम्मे काम झाले असे समजावे.